मटाम

औशाचा किल्ला डोंगरावर नाही.
सपाटीत बसलाय, गुडघ्यांत मान घालून,
आणि भोवती खंदक:
आता त्यात वेडी बाभूळ, घाणेरी,
पोरांनी वरून भिरकावलेल्या कुरकुऱ्यांच्या पिशव्या,
एका कडेला कुणीतरी लावलेली मेथी.

आमचा खड्डा चार मीटर बाय चार.
चैत्र. सकाळी सहा ते अकरा.
मी नोंदवहीवाली.
मजुरांचा हजेरीपट संभाजीनगरला गेलेला, सहीसाठी.
पंधरवडा झाला.

थर एक: प्लास्टिक, विटांचा चुरा, बाटलीची मान.
थर दोन: राख. काचेच्या बांगड्या, हिरव्या,
सगळ्या फुटक्या, सगळ्या एकाच जागी.
त्यावर मी अर्धं पान लिहिलं
आणि खोडलं.
थर तीन: गाळ. काळा, सुरीने कापावा असा.
ऊन लागलं की त्याला भेगा पडत,
म्हणून यल्लप्पा धोत्रे तासातासाला पाणी शिंपायचा,
अंगणात सडा टाकावा तसं,
न बोलता.

सरांना लढाई हवी होती.
रोज फोन: काही लागलं का?
तोफेचा गोळा, बाणाचं टोक,
नाहीतर निदान एखादी कवटी.
आम्हाला लागलं ते असं:
बेडकांची हाडं, दोन डबे भरून.
बोराच्या बिया.
मातीचा बैल, मागचा एक पाय नसलेला.
जोड्याचा एक तळवा, डाव्या पायाचा.
शत्रूला भिऊन खणलेल्या या जागेवर
माणसं शेकडो वर्षं नुसती वाकून बघत राहिली असावीत
आणि हातातलं काही ना काही निसटत राहिलं असावं.

सव्वातीन मीटरवर गाळ संपला.
खाली मुरूम, पिवळा, कोरा,
आणि त्यावर टिकावाचे घाव,
काल सुट्टी झाल्यासारखे.
यल्लप्पाने घमेलं ठेवलं. बसला. घावात बोट घातलं.
"ह्ये आमच्यातलं काम हाय. माती वडाराचं.
आन् ह्यो गडी डावरा व्हता, बगा,
घाव समदे हिकडून तिकडं."

कोपऱ्यात मुरमाचा एक खांब उभा होता,
कमरेइतका, वर निमुळता.
मी लिहिलं: खुंट? पुढे प्रश्नचिन्ह.
पुलाचा आधार? पुढे प्रश्नचिन्ह.
यल्लप्पा तंबाखू थुंकायला शिडी चढून वर गेला,
परत खाली आला.
"मटाम हाय त्यो, म्याडम.
खनताना मधी एक खांब सोडायचा.
किती खोल गेलो, त्येचा साक्षीदार.
मुकादम येतो, मापतो,
मग पैका, मग खांब पाडायचा.
मापाआदी पाडला, तर मजुरी बुडाली."

"मग हा?"

"ह्यो उबाच हाय की."

वर भिंतीवर पोपट ओरडत होते.
मला आधी वाटलं, हे सरांना सांगावं.
मग वाटलं, सर विचारतील, याला पुरावा काय,
आणि पुरावा तर समोर उभा होता,
चारशे-पाचशे पावसाळे पाण्याखाली,
कुणाची तरी वाट बघत.

यल्लप्पाने वीत पसरली.
एक. दोन. तीन. चार.
अंगठा उचलून पुन्हा टेकवला.
"साडेचार. लिवा."
नोंदवहीत वितीचा रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: साडेचार वीत.
माप घेणार: यल्लप्पा धोत्रे.
तारीख टाकली. खाली सही केली, माझीच.

संध्याकाळी सरांचा निरोप आला:
फोटो घ्या, पाडा, खाली काय आहे बघा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भीतभीतच सांगितलं.
"पाडू की," तो म्हणाला. "माप झालंय आता.
पैका कुनाला द्यायचा तेवढं तुमी बगा."
टिकाव उचलला,
जरा थांबला,
आणि हात बदलून डाव्यात घेतला.

पहिला घाव हुकला.