ओली फरशी

आक्यात आमची वाडी होती तिथे आता सोबीत मार्ट आहे.
दार आपोआप उघडतं.
आत गेलं की थंडी आधी गुडघ्यांना कळते.

मी चौथ्या मजल्यावरून येतो.
मुंडकारांना बिल्डरने मागच्या बाजूचे फ्लॅट दिले,
कपडे वाळत घालायला पश्चिम दिली.
तक्रार नाही. लिफ्ट आहे.
नळाला चोवीस तास पाणी, असं पत्रकात छापलेलं आहे.

बास्केट घेऊन मी पावलं मोजतो.
बिस्किटांच्या रांगेत पिएदादची पडवी.
तिथे ती चौरिसाच्या मांसाला मीठ चोळत बसायची,
व्हिनेगरच्या वासाने आईचं सोवळं
भिंतीपलीकडे धुसफुसायचं
आणि संध्याकाळी त्याच भिंतीवरून
वाटीभर साखर इकडे यायची.
शांपूपाशी आमची चूल.
बाळांच्या दुधाच्या डब्यांपाशी गोठा, बहुतेक.
सगळं नीट लागत नाही. खांब मध्ये येतात.

उकडे तांदूळ किलोच्या पाकिटात,
हवा काढून घेतल्यामुळे विटेसारखे कडक.
एक उचलतो, दाबून पाहतो, ठेवून देतो.
सोलं मागितली तर सरबताच्या बाटल्या दाखवतात.
पण माप खरं, हे मान्य करायला हवं;
आमच्या नोगेश पसरकाराचा तराजू
कायम नोगेशलाच नमस्कार करायचा.

तीन नंबरच्या फ्रीजरखाली पाणी येतं.
रोज.
ओडिशाचा डंबरू पिवळी पाटी मांडतो,
पुसतो, पिळतो, पुन्हा पुसतो.
मेकॅनिक तीनदा येऊन गेला. नळी बदलली, गॅस बदलला.
मॅनेजरबाई ओशाळून म्हणाल्या,
"अंकल, जपून. मशीन गळतं."

मशीन नाही गळत.
तिथे विहीर होती.
अठरा हात खोल, चिऱ्याची,
मे महिन्यातही कळशी पुरती बुडायची.
बुजवली त्या दिवशी तेवीस टिप्पर माती गेली आत.
मी मोजले. दुसरं काय करणार होतो?

सांगावंसं वाटलं. ओठांवर आलंही.
पण सांगितलं तर माणसं येतील,
भोकं पाडतील, सिमेंट ओततील,
आणि या वेळी कदाचित त्यांना जमेल.
म्हणून म्हणालो, "जुनी मशिनं अशीच असतात."
"नवीन आहे, अंकल."
"मग नवीनही."

बिलाच्या रांगेत जाण्याआधी
कोणी बघत नाही असं पाहून
डाव्या पायातली चप्पल काढली,
तळवा टेकवला.
कोमट.
फ्रीजरचं पाणी कोमट नसतं.

डंबरू मात्र बघत होता.
त्याने पिवळी पाटी उचलली,
माझ्या पुढ्यात आणून उभी केली
आणि फडकं घेऊन
साबणांच्या रांगेकडे निघून गेला.