हातचा

पावणेसहाला फोन वाजतो.
"मोहिनी, आज फोर-बी."
लिसम्मा मॅडम हॅलो म्हणत नाहीत.
मी नवऱ्याच्या डब्यातली एक पोळी माझ्या डब्यात टाकते,
पदराला पिन लावत जिना उतरते.
सोहारची हवा पहाटेसुद्धा
ओल्या टॉवेलसारखी तोंडावर येते,
बंदराकडून थोडा गंधकाचा वास.

माझ्या व्हिसावर लिहिलंय: नवऱ्यासोबत.
शाळेच्या मस्टरवर मी नाही.
माझा कागद वेगळा, मागच्या पानाला टाचलेला.
ऑफिसातला बिनॉय दर वेळी नव्याने विचारतो,
"स्पेलिंग?"

स्टाफरूममध्ये जी आली नाही तिची खुर्ची माझी.
आज शोभना कुरुप.
त्यांची उशी, कपाच्या तळाशी वाळलेला चहा,
ड्रॉवरमध्ये बामची बाटली, दोन सेफ्टी पिना,
आणि वर्गाची यादी.
प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं मल्याळममध्ये काहीतरी,
गोल गोल, बारीक.
कोण कशानं रडतं, कुणाला पुढे बसवायचं,
सगळं त्यातच असणार.
मला वाचता येत नाही.

"मिस, तुम्ही कुणाच्या ऐवजी?"
"आमच्या मिस कधी येणार?"
त्यांची आई आजारी आहे, त्या गावी गेल्यात.
"मग तुम्ही कधी जाणार?"

हजेरीला जोएल संयुक्ताच्या नावानं ओ देतो,
संयुक्ता तन्वीरच्या.
बाकं हसू दाबून दाबून लाल.
मी खाली मान घालून खुणा करत जाते.
नावं खोटी असतील,
पण बत्तीस डोकी आहेत, मोजून.

मग फळ्यावर बेरीज.
चार हजार सातशे अडुसष्ट, त्यात
दोन हजार नऊशे सत्तावन्न.
तोंडानं इंग्रजी चालू, पोटातलं गणित मराठीच:
आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच,
एवढ्यात दारात लिसम्मा मॅडम,
"मोहिनी, नेक्स्ट पिरियड सेव्हन-सी पण घ्या,"
मी मान हलवते, वळते,
सहा नि पाच अकरा, एक लिहिते.

शेवटच्या बाकावरून, अगदी हळू:
"मिस, हातचा राहिला."

खडू थांबला.
सात वर्षांत या देशात
तो शब्द मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

अफान परकार. कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.
कुणी शिकवलं रे?
"मम्मीनं. ती हर्णैच्या शाळेत होती."
एवढंच. कान तांबडे झाले, खाली बसला.

"हातचा!" जोएल शिंकल्यासारखा ओरडला.
"हातचा!" तन्वीरही शिंकला.
"ब्लेस यू!" कुणीतरी.
मग सगळी फोर-बी शिंकायला लागली,
आणि मी, बाई म्हणून रागवायला हवं होतं ती मी,
डस्टर तोंडावर धरून हसले,
नाकात खडूची पूड गेली,
खरीच शिंक आली.

वर एक लिहिला, छोटा.
अकराचे बारा केले.

गुरुवारी मी सिक्स-एच्या ऐवजी होते.
शोभनाबाई परतल्या होत्या, कपाळ मोकळं,
डोळ्यांखाली काळं.
आई कशी आहेत, कुणी विचारलं नाही.
त्यांच्या खुर्चीत त्याच. मी दारापाशी उभी.
स्वर्णानं, पोरांना बसमधून उतरवणाऱ्या आयानं,
न बोलता प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं.

"माझ्या मुलांना काय केलंत?
बेरीज करताना शिंकतात."
मी यादीवर बोट ठेवलं, परकारसमोर.
इथे काय लिहिलंय?
त्यांनी चष्मा लावला.
"हा बोलत नाही."

मग जरा वेळानं पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

मी देवनागरीत एक शब्द लिहिला.
त्यांनी शाळेतल्या हिंदीच्या बळावर
अक्षर अक्षर जुळवलं: हा, त, चा.
"मतलब?"

मी सांगायला तोंड उघडलं
आणि घंटा झाली.