उद्याचा फोन

डुलुथच्या चढावर, जिथून सुपीरियर सरोवरात
खनिजानं जड झालेली जहाजं दिसतात,
आमच्या दवाखान्यात एकही खाट नाही.
आर्डिस लिंडक्विस्ट नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायची:
"इथं कुणी मरत नाही. इथं कुणी बरंही होत नाही.
ते सगळं घरी जाऊन होतं.
आपल्या वाट्याला अठरा मिनिटं
आणि दारातून बाहेर पडणारा एक पाठमोरा कोट."

वॉर्डातून ती इथं आली
तेव्हा मणक्यातली चकती सरकलेली होती.
सोबतिणींनी केक आणला, वर लिहिलं, 'आता आराम'.
खऱ्या नर्सिंगमधून सुटलीस, कुणीतरी म्हणालं.
केक बरा होता, एवढंच ती सांगते.

आराम म्हणजे दिवसाला नव्वद नावं.
आराम म्हणजे तोइवो कोस्किनेन, वय एक्याऐंशी,
रक्त पातळ करणारी नवी गोळी.
"समजलं ना?" या प्रश्नाला त्यांनी मान हलवली,
कारण ऐकू आलं नव्हतं, आणि ते सांगायची लाज होती.
घरी जाऊन त्यांनी नवी सुरू केली,
जुनी थांबवली नाही.
नऊ दिवसांनी ते वर्तमानपत्रात भेटले,
शेवटून दुसऱ्या पानावर, मासेमारीची टोपी घातलेले.

आर्डिस रडली की नाही, मला ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला
कुणालाही न विचारता
ती आदल्या दिवशीची यादी घेऊन फोनपाशी बसली.
"काल काय घेतलंत?
नाही, आठवून नको.
उठा, डबी आणा, वरचं वाचून दाखवा.
मी थांबते."

या 'मी थांबते'वर तिची बावीस वर्षं गेली.

एकदा वरून विचारणा झाली,
या थांबण्याचं बिल कुणाच्या नावावर लावायचं?
तिनं तक्ते नेले नाहीत.
टेबलाच्या मधोमध फोन ठेवला, आवाज मोठा केला,
आणि डेल्फिन सॅवेजला लावला
(परवानगी आधीच घेतलेली, लेखी; आर्डिस ती आर्डिसच).
सात कोट घातलेली माणसं ऐकत बसली
वॉकरची टकटक,
कुत्र्याला दिलेली शिवी,
एक ड्रॉवर, दुसरा ड्रॉवर,
मग लांबच लांब काहीच नाही.
कुणी घड्याळ पाहिलं. कुणी पाहायचं टाळलं.
पाचव्या मिनिटाला डेल्फिननं नाव वाचलं.
ते तिच्या नवऱ्याचं होतं,
चार वर्षांपूर्वी गेलेल्या.

पैसे मंजूर झाले. निम्मेच, पण झाले.

मग ती संचालक झाली.
काचेची खोली, गळ्यात ओळखपत्र,
अकरा दवाखाने, दोनशे चाळीस परिचारिका,
आणि हातांना काम नाही.
लांबलेल्या बैठकीत तिची बोटं टेबलाखाली
स्वतःच्याच मनगटावर जायची, नाडी मोजायची.
मी शेजारी बसायचे म्हणून दिसायचं.
फ्लूच्या हिवाळ्यात माणसं कमी पडली
तर बाह्या सारून खाली उतरायची,
सुया टोचायची दुपारपर्यंत,
आणि वर येताना शीळ घालायची, बेसूर.
दोघींना तिनं कामावरून काढलंही.
त्यातली एक माझी मैत्रीण होती.
त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

काल तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संध्याकाळीच घरी.
आज सकाळी साडेसातला यादीत तिचं नाव,
आणि यादी माझ्याकडे.
"थेंब तिन्ही वेळा घातले," ती म्हणाली,
"पुढच्याला लाव, वेळ घालवू नकोस."
मी म्हटलं, बाटली आणा.
"मी आर्डिस आहे गं."
बाटली आणा. वाचा. मी थांबते.

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज.
सपाता. नळ, कशाला कोण जाणे.
दूर बंदरातून जहाजाचा भोंगा,
तिच्या खिडकीतून आधी, माझ्या खिडकीतून मग.
सहा मिनिटं झालीत.
खरंच सापडत नाहीये,
की मी किती वेळ धरून ठेवते ते बघतेय?
खाली पहिला कोट आत येतोय, बूट झटकतोय.
फोन कानाला आहे.