डंडीत एकदांडी

चौथ्या मजल्यावर, टे नदीकडच्या खिडकीशी,
मी रोज सकाळी एक जखम करते.
पिपेटचं पिवळं टोक, प्लेटच्या तळावर सरळ रेघ.
रक्त नाही, कण्हणं नाही.
गुलाबी पाण्याखाली पेशींचे दोन काठ होतात
आणि मधे ओसाड पट्टा, सहाशे मायक्रॉन.

डाव्या रांगेत नुसतं द्रावण.
उजव्या रांगेत एकदांडीचा अर्क.
पाला साताऱ्याहून आला, वाळवलेला,
तीन परवाने आणि वहिनीची चिठ्ठी घेऊन:
बांधावरची फुकटची आहे, पैसे पाठवू नकोस.

इश्बेल मॅडम तिचं लॅटिन नाव सावकाश उच्चारतात,
पाहुण्याचं नाव चुकू नये तसं.
मी म्हटलं, आमच्याकडे एकदांडी. एक म्हणजे वन.
त्या हसल्या, "वन डंडी? मग इथलीच की!"

शाळेमागच्या मुरमावर केरू घसरला होता.
तळहातावर पाला चुरडून मी रस पिळला,
तो शिव्या घालत होता, मी फुंकर.
मात्रा किती? नऊ वर्षांच्या मुठीत मावेल तेवढी.
तुलनेसाठी काय होतं?
त्याचा दुसरा गुडघा. तोही सोललेला,
पाला पुरला नाही म्हणून तसाच राहिलेला.
तोही बरा झालाच.

हे मी मॅडमना सांगितलेलं नाही.

अठरा तासांनी उजवीकडच्या पेशी
काठ सोडून निघालेल्या असतात,
वीज गेल्यावर भिंत चाचपत जावं तशा.
डावीकडच्याही निघालेल्या असतात. जरा मागून.
तीन प्लेटी चांगल्या. चौथीत बुरशी.
पाचवीत अर्क जास्त झाला, सगळ्या मेल्या.
मी वहीत तेही लिहिते, तारखेसकट.

बाहेर साडेतीनलाच अंधार.
नदीवरचा पूल दिव्यांनी टाके घातल्यासारखा.
"माहीत होतं" आणि "सिद्ध झालं"
यांच्यामधली पट्टी अजून भरलेली नाही,
आणि अनुदान मार्चपर्यंतच आहे.

काल न राहवून केरूला विचारलं,
पाला कुठल्या गुडघ्याला लावला होता रे?
तो आता टँकर चालवतो, मिरजेच्या पुढे कुठेतरी थांबला होता.
पँट वर करून फोटो पाठवला.
दोन गुडघे, दोन्हीवर फिकट डाग, सारखेच.
खाली लिहिलेलं:
कुठला ते तूच ओळख. तू शास्त्रज्ञ ना?