पोर्ट सतरा

वसमतच्या मोंढ्यात रॅक उघडला
तर आतला स्विचसुद्धा पिवळा.
फुंकर मारली, शिंक आली,
जाळीतून गेल्या हंगामाची हळद उडाली.
बाकीचे दिवे हिरवे,
सतरावा तेवढा शेंदरी.

सतरा म्हणजे भुईकाटा.
किशनराव तिकडे गेटपाशी बसतात,
नसरीन इकडे ऑफिसात, पट्ट्या छापायच्या खिडकीत.
दोघांचं दोन वर्षं पटत नाही.
तो म्हणतो, म्या तर पाठवायलाव.
ती म्हणती, मला काहीच येईना गेलंय.
मधे ट्रॅक्टर उभे,
ट्रॉलीच्या सावलीत माणसं टोकन चघळत.

आधी पिंग मारला.
गेला, आला. गेला, आला.
काही सांडलं नाही वाटेत.
हाक पोचत होती.
"जेवलात का?" "हाव."
एवढं कुठल्याही वायरवर चालतं.
मग किशनरावांना म्हटलं, धाडा आता ट्रॉलीचे सहा फोटो,
आणि पडद्यावरचं चाक
काळ्या चिखलात रुतल्यासारखं
तिथल्या तिथं फिरत बसलं.

सतराचा हिशेब काढला.
वेग शंभर. डुप्लेक्स हाफ.
खाली टकरी, त्याही उशिराच्या,
नियमानं ज्या व्हायलाच नकोत,
सहा आकडी.

उन्हातून काट्यापर्यंत चालत गेलो.
तिथल्या डब्यात निघालं: शंभर, फुल.
हातानं बांधलेलं, जाकेरभाईंचं.
त्यांच्या काळात ऑफिसातलाही असाच बांधलेला होता.
मग एका अवकाळीत वीज पडली, तो जळाला,
नवा आला, ऑटोवाला,
समोरच्याला विचारून ठरवणारा.
त्यानं विचारलं.
जुना बोलला नाही.
ज्याचं ठरलेलं असतं तो कशाला बोलेल?
नव्यानं वेग चाहुलीवरून ओळखला.
पण बोलता बोलता ऐकायचं की आळीपाळीनं,
हे चाहुलीवरून कळत नाही.
अशा वेळी हाफ धरायचा, असा नियम.
म्हणजे, आपण बोलताना समोरून आवाज आला
की टक्कर झाली समजायचं,
तोंड मिटायचं,
मनाशी एक आकडा धरून तेवढं थांबायचं
आणि पहिल्यापासून सांगायला लागायचं.

दोन वर्षं तो थांबतोय.
दोन वर्षं हा बोलतोय.
दोघंही नियमानं.

सचिव मागं येऊन उभे: पाच मिनिटांत होईल ना?
पी हळद अन् हो गोरी,
जिभेवर आलेलं गिळलं.
ह्या मोंढ्यात ती म्हण कुणी काढत नाही.

खरं तर दोन्हीकडे ऑटो हवं होतं.
पण काट्याकडचा डबा ऑटो केला की दिवाच घालवतो;
म्हातारा आहे, त्याला नवं विचारू नये.
मग नव्यालाच बांधलं.
स्पीड शंभर, डुप्लेक्स फुल. एंटर.
सतरावा विझला.
एक ट्रॅक्टर गुरगुरून बंद पडण्याइतका वेळ.
लागला. शेंदरीच.
तो रंग वेगाचा होता, मी उगाच त्याच्यावर संशय घेतला.

टकरींचा आकडा पुसून शून्य केला
आणि चहा घेतला.
पाच ट्रॉल्या झाल्या. शून्य.
अकरा झाल्या.
नसरीनच्या खिडकीत पट्ट्या सरसर निघायल्या,
तिनं गेटला फोन लावला:
आलं बगा.
पलीकडून आवाज: मग, म्या काय म्हणत होतो?
हिनंही त्याच वेळी: मी काय म्हणत होते?
दोघं एकदम बोलले,
आणि मला वाटतं दोघांनाही ऐकू गेलं,
कारण फोन लगेच ठेवला नाही कुणी.

पांढरी पट्टी फाडून सतराखाली चिकटवली.
पेनानं लिहिलं:
शंभर, फुल, दोन्हीकडे.
बदलायचं असेल तर
आधी गेटवर जाऊन सांगणे.
खाली तारीख.
सही करायची राहिली,
पण अंगठा उमटलाय, पिवळा.