मे महिन्याची ड्युटीलिस्ट

ड्युटीलिस्ट मी पेन्सिलीनंच आखते.
पेनाचं धाडस सोडून बरीच वर्षं झाली.
मंजूर पदं सत्तावीस, असं पाटीवर ऑइलपेंटनं रंगवलंय,
त्याखाली खडूनं: हजर, अकरा.
खडूचा आकडा तेवढा खरा.

चोपड्यात मे म्हणजे
रात्री दोनलाही नळाला चहाचं पाणी.
स्त्री-वॉर्डात खाटा तीस, बाया बेचाळीस;
केळीला पाणी भरताना साप चावलेली एक,
सातपुड्यातून येताना जीपमध्येच बाळंत झालेली एक,
बाकीच्या तापानं फणफणलेल्या, व्हरांड्यात, सतरंजीवर.
आणि मी. आणि रेश्मा.

गेलेल्यांची नावं खोडरबरानं पुसली
तरी कागदावर वळ राहतो.
ज्योत्स्ना वसावे: सुरत, पगार दुप्पट.
हेमांगी बोरोले: लग्न, मग पुणे, मग कळलं नाही.
जोसेफिन: मस्कत. ईदला फोन करते, रडते, ठेवते.
लीलाबाई निवृत्त; त्यांच्या जागी
अजून त्यांची खुर्चीच रुजू आहे.
कागद उजेडात तिरका धरला
तर सगळ्या ड्युटीवर दिसतात.

वरून पत्र आलंय:
परिचारिका का टिकत नाहीत, कारणं कळवा,
तीन प्रतींत, पंधरा तारखेच्या आत.
लिहायला बसले
तर दोन नंबरचं सलाईन संपलं.

रेश्मा तडवीचा राजीनामा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
कापसाच्या बंडलाखाली, चार दिवस.
पुढं पाठवला नाही, हा माझा गुन्हा.
मध्यरात्री डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा.
अर्धी तिला दिली, विचारलं, पगाराचं का गं?

नाही ताई, म्हणाली.
चेंजिंग रूमला कडी नाही.
चार वर्षं दाराला पाठ लावून कपडे बदलते.
होळीच्या वेळी त्या नातेवाइकानं हात पिरगाळला,
डॉक्टर म्हणाले, समजून घे.
घेतलं.
पण परवा ती बाई गेली ना,
सकाळी तिचा पोरगा विचारत होता,
आई शेवटी काय बोलली.
मला तिचं नावच आठवेना, ताई.
नुसता सतरा नंबर.

भाकरी तिच्या हातात तशीच.

पदं भरणं माझ्या हातात नाही.
पस्तीस रुपयांची कडी मात्र बाजारात मिळते.
दुकानदारानं विचारलं, घराला का?
हो म्हणाले.
स्क्रू-ड्रायव्हर जनरेटरवाल्या भास्करचा,
चौथा स्क्रू वाकडाच बसला.
रविवारी तिच्या नावापुढं सुट्टी लिहिली
आणि नाइटच्या रकान्यात माझं नाव. पेनानं.
गुडघे काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही.

तीन प्रतींत लिहिलं:
कारण एक, कडी.
कारण दोन, सतरा नंबरचं नाव गुंताबाई होतं.
पुढची कारणं माणसं पाठवल्यावर कळवू, साहेब,
सध्या लिहायला कोणी मोकळं नाही.

आठ वाजता रेश्मा आली.
राजीनाम्याचं तीही बोलली नाही, मीही नाही.
नऊ नंबरची म्हातारी तिला बघून उठून बसली:
सकायले येशी ना व माय?
रोज विचारते. रोज आम्ही हसून हो म्हणतो.
रेश्मा हसली नाही.
तुमचं नाव काय, आजी? तिनं विचारलं,
ऐकून घेतलं, एकदा स्वतःशी म्हटलं,
आणि कपडे बदलायला गेली.

आतून कडी लागल्याचा आवाज आला.
मग उघडल्याचा.
मग पुन्हा लागल्याचा.