पाचवा शनिवार

कोर्टाच्या भिंतीलगत, जुन्या सीबीएससमोर
तेवीस वर्षं माझं टेबल.
आधी टाइपरायटर होतं, आता लॅपटॉप,
लोक तरी अजून म्हणतात,
बाई, एवढं बडवून द्या.

आज हेमांगी कोठावदे.
गांगुर्डे वकीलबाईंची चिठ्ठी:
परस्परसंमती, सोबत स्त्रीधनाची यादी, तीन प्रती.
शेजारी मुलगा, गणवेशात,
शाळा बुडवून.

सांग, म्हटलं.
एक, मंगळसूत्र, अडीच तोळे, पावती आहे.
दोन, पाटल्या. पावती नाही.
सटाण्याचा सोनार होता, तो वारला.
तीन, शिलाई मशीन. चार, पितळी घागर,
तिच्यावर कोरलंय
‘चि. सौ. कां. हेमांगी हिस, मामांकडून सप्रेम.’
वकीलबाई म्हणाल्या, हाच पुरावा, फोटो काढून ठेव.
बघा, पावत्या हरवतात,
घागर बोलते.

माझ्या वेळी यादी कोण करतंय.
एक स्टीलचा डबा घेऊन निघाले होते,
तोही त्यांनी माणूस पाठवून मागवला.
आत चकल्या होत्या.

मग फ्लॅट. गंगापूर रोड, दुसरा मजला, दोघांची नावं.
तो ठेवणार, हप्ते तोच भरणार,
असं दोघांत ठरलंय, तोंडी.
मी टाइपिस्ट, सल्ला द्यायचा नसतो मी,
पण हात थांबला.
म्हटलं, पोरी, बँकेला घटस्फोट कळत नाही.
तिला हप्ता कळतो.
त्याने दोन महिने चुकवले की फोन तुलाच.
आधी बँकेचं पत्र आण, कर्जातून नाव उतरव,
मग सही कर.
ती म्हणाली, भांडायला नकोय आता.
म्हटलं, पत्र मागणं म्हणजे भांडण नव्हे.
बराच वेळ ती घागरीचा फोटो बघत राहिली.

पोटगी या शब्दात पोटच आहे फक्त,
त्यामुळे आम्ही खाली वेगळं लिहितो:
शाळेची फी, दप्तर, चष्मा, दातांचा डॉक्टर,
पावसाळी बूट.
दरवर्षी दहा टक्के वाढ.
बूट मात्र दर सहा महिन्यांनी लहान होतात.

मग ताबा.
हा शब्द मी आयुष्यात किती वेळा टाइप केला असेल,
सातपूरच्या गाळ्याचा, आडगावच्या प्लॉटचा,
ट्रॅक्टरचा, एकदा तर म्हशीचा.
‘अज्ञान मुलगा शर्विल याचा ताबा आईकडे राहील.
वडिलांनी त्यास दुसऱ्या व चौथ्या शनिवारी
सकाळी दहा ते सायंकाळी सहा भेटावे.
पहिला व तिसरा शनिवार आईकडे.
दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी.’

अज्ञान मुलगा मान वाकडी करून
स्क्रीन वाचत होता.
म्हणाला, आणि पाचवा?

काय पाचवा?

पाचवा शनिवार. कधी कधी येतो ना.
भिंतीवरचं पतसंस्थेचं कॅलेंडर त्याने उलटलं,
बोट ठेवत गेला.
हा बघा. हा पण. वर्षात चार आहेत.

तेवीस वर्षं. शेकडो मसुदे.
एकाही वकिलाला, एकाही साहेबांना,
खुद्द मला.

फोन लावला. पलीकडे गांगुर्डेबाई
सुनावणीच्या दाराशी उभ्या, हळू आवाजात:
आईकडे टाका. नाही, थांबा.
त्याला विचारलं पाहिजे, नवऱ्याला.
संध्याकाळी सांगते.

हेमांगीने नवऱ्याला मेसेज केला, माझ्यासमोरच.
दोन निळ्या खुणा आल्या.
उत्तर आलं नाही.
मग आलं:
‘शर्विलनं मोजले?’
आणि थोड्या वेळाने,
‘कितवीतलं कॅलेंडर शिकवतात हे?’
ती हसली का, मला दिसलं नाही,
ऊन होतं स्क्रीनवर.

मी त्या जागी टिंबं टाकली, नऊ-दहा,
आणि प्रिंट दिली नाही.
पैसे उद्या घेते म्हटलं.

ते दोघं रस्ता ओलांडून गेले.
पोरगा पोलिसाच्या शिट्टीला थांबला,
आई थांबली नव्हती, तिला मागे ओढलं त्याने.

पुढचा आला, भाडेकरार, अकरा महिने.
ताबा, मी टाइप केलं,
आणि कॅलेंडर सरळ करायला उठले.